आमच्या घरी ण नाही

साकोलीहून सानगडीकडच्या गावांत अप-डाऊन करणाऱ्या आम्ही चौघी मास्तरणी. बाकी तिघींकडे मोठे वर्ग, त्यामुळे बसमध्ये सांगायला ट्रेनिंग आणि मीटिंगच. माझ्याकडे पहिली! एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा तयार. हसतो सगळ्या, पण उतरताना कुणीतरी हमखास म्हणतं, "बिचारं पोरगं गं!"

*

माझा एक खेळ होता. रोज एक अक्षर, आणि त्या अक्षराची वस्तू घरून आणायची. 'क'च्या दिवशी कुणी कंगवा आणला, कुणी कांदा. रोशन काखेत जिवंत कोंबडा घेऊन आला! तो सुटला आणि सगळा वर्ग त्याच्यामागे, "मॅडम, क भागला! क भागला!"

हेडमास्तर दारातून म्हणाले, "मॅडम, उद्या 'ब' ठेवू नका. बैल येईल."

पुढच्या आठवड्यात मी सहज विचारलं, "काय रे रोशन, तुझा क काय म्हणतो?"

"खाऊन टाकला," तो खाली बघत म्हणाला. "मामा आलता."

*

पुढे मी प्रत्येकाला वेगळ्या अक्षराची चिठ्ठी देऊ लागले. चेतनाच्या चिठ्ठीवर एकदा 'ण' आला. ण-नं शब्द सुरूच होत नाही, हे मी सांगेपर्यंत ती घराकडे धावलीही होती.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन. बाई स्वतः शाळेत गेलेली नव्हती.

"मॅडम, आमच्या घरी ण नाही जी. शेजारी बी पाहून आली. पोरगी रडून राहिली. तुमच्याकडं असन तं एखादा द्या ना!"

*

व्हरांड्यात खडूचे गोल, प्रत्येक गोलात एक अक्षर. मी अक्षर पुकारायचं, मुलांनी बेडूकउडी मारून त्यावर जायचं. सुजल कधीच चुकायचा नाही. त्याच्या वडिलांना मी बोलावून सांगितलं, "पोरगा हुशार आहे!" ते वाकून नमस्कार करून गेले.

मग पाहुणे येणार म्हणून व्हरांडा धुतला, गोल नव्यानं आखले. "सुजल, घ!"

तो धावत गेला आणि खांबापाशी थांबला. खाली 'त' होता.

"घ इथंच राहते ना मॅडम," तो म्हणाला. "काहून हलवला?"

*

हजेरीत नाव भावेश, पण घरीदारी सगळे चिंटू म्हणत. आपल्या नावाचं अक्षर शोधायच्या खेळात मी त्याला 'भ' दिला, तर त्यानं परत केला. "हा माझा नाही. माझा चि." महिनाभर समजावलं, तेव्हा कुठे 'भ' त्यानं आपला मानला. वहीभर 'भ' काढले, भिंतीवरही काढले.

दिवाळीनंतर वडिलांनी त्याला साकोलीच्या कॉन्व्हेंटला घातलं. परवा बसस्टँडवर भेटला, टाय लावून.

"काय रे, भ विसरला नाहीस ना?"

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तिथं मी 'बी' आहे."

*

आमच्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळा नाही, डोरा. काळा नाही, कारा. म्हणून मी एक खेळ काढला. 'ळ'च्या जागी कुणी 'र' म्हटलं की बाकीच्यांनी टाळी वाजवायची. ज्याच्यावर टाळी पडली तो आऊट. आऊट झालेल्यानं तोंडावर बोट ठेवायचं, खेळ संपेपर्यंत बोलायचं नाही. आठवड्याभरात सगळा वर्ग स्वच्छ 'ळ' म्हणू लागला!

पल्लवी सगळ्यांत तरबेज. तिचं घर दूर, तलावाच्या पलीकडे. आजोबा रोज तिला शाळेत सोडायचे. दोघांचं बोलणं मला वर्गात बसल्या जागी ऐकू यायचं. बगळे, मासे, कुणाच्या धानाच्या बांधीत पाणी शिरलं, सगळं.

एके दिवशी दोघं गुपचूप आली. आजोबा तिचा हात धरून दारातच उभे राहिले.

"काय झालं, आबाजी?"

"काही नाही जी. हे म्हणते, मी आऊट झालो. आऊट झालेल्यानं बोलाचं नाही म्हणते. रस्ताभर बोलू देत नाही मले." ते जरा घुटमळले. "मॅडम, हा खेर कवा संपते?"

पल्लवीनं टाळी वाजवली.