डाव्या गालाचा सूड

मालाडच्या मासळी बाजारात आमचा एक ओटा आहे. सासूने जाताना तो आम्हा दोघी जावांत वाटून दिला, अर्धा मला, अर्धा धाकटीला. रिवाज असा, की एक आजारी पडली तर दुसरीने तिची बाजू सांभाळायची. सांभाळायची, गिळायची नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून सरळ पदरावर. आरशात बघते तर डावं तोंड लोंबलेलं, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, गोळ्या घ्या, मग व्यायाम. मी घरी बसले तशी धाकटीने बाजारभर केलं, "थोरलीला शाप लागलाय गं, तिच्या हातची मच्छी घरात नेऊ नका." आणि माझ्या अर्ध्या ओट्यावर स्वतःची कोलंबी मांडली. मेली! सासूच्या वेळची माझी गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली. मी ठरवलं, हे तोंड सरळ करायचं आणि त्याच तोंडाने हिला माझ्या जागेवरून उठवायचं.

कांदिवलीला फिजिओथेरपी सुरू केली. तिथली पोरगी गरम टॉवेलने गाल शेकायची, बोटांनी हलकेच वर चोळायची, मग आरसा पुढ्यात. भुवई उचला, गाल फुगवा, ओठांचा चंबू करा. सारखी म्हणायची, "मावशी, हळू. जरासं हललं तरी खूप झालं. जोर नको."

जोर नको? आम्ही कोळी माणसं. जाळं जड लागलं की आणखी ओढायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. घरी आरशात धाकटीचं थोबाड आणायचं आणि "पापलेट! बोंबील! बांगडा!" ओरडत सुटायचं, गाल दुखेस्तोवर. नवरा म्हणायचा, "अगं, शेजारी भांडायला येतील." येऊ देत.

तोंड आलं परत. पण एक दिवस पोरीने हसायला सांगितलं आणि मी हसले तशी डावा डोळा आपोआप मिटला. तिने कपाळाला हात लावला. "घरी जोर लावलात ना? नसा भलतीकडे जुळल्यात. आता सावकाश सगळं पुन्हा शिकावं लागेल." म्हटलं, बघू नंतर. आधी बाजार.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेले. तिची कोलंबी उचलून तिच्या बाजूला ठेवली आणि तिच्या तोंडासमोर हसले. डोळा मिटला. तिचा चेहरा पांढराफटक! स्वतःच पिकवलेल्या शापावर बयेचा स्वतःचाच विश्वास. तिला वाटलं, मी तो तिच्यावर सोडला. मुकाट्याने सरकली. आता गिऱ्हाइकं माझी, माझा अर्धा ओटा माझा, आणि रोज सकाळी मी तिच्याकडे बघून एकदा हसतेच. झकास वाटतं, खोटं कशाला बोलू!

ती पोरगी अजून फोन करते, "मावशी, या ना, अजून सुधारेल." मी जात नाही. डोळा नीट झाला तर धाकटी घाबरेल कशाला?

संध्याकाळी लेक तान्ह्या नातीला माझ्या डाव्या खांद्यावर देते, अगदी गालाशी गाल. ती खुदकन हसते, मलाही हसू फुटतं, डावा डोळा मिटतो. आणि नेमकी तेव्हाच ती मला दिसत नाही.