कात्रीवाल्या मॅडम

मला सोलापुरात टिकवलं ते कात्रीवाल्या मॅडमनी. हे आधी सांगतो, बाकीचं मागून. नाव त्यांचं वेगळं. पण झाडांच्या पेशी कशा मरतात हे सांगताना त्या दोन बोटांची कात्री हवेत चालवायच्या, म्हणून शेडनेटमध्ये सगळे हेच म्हणत. त्यांनाही ते आवडायचं.

मी नंदुरबारकडचा, नववीत शाळा सुटलेला. सोलापूरजवळ कुंभारीत खोली आणि शेतकी कॉलेजच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीखालच्या रोपवाटिकेत, रोपांना पाणी घालायचं काम. मॅडम तिथंच रोपांच्या रोगांवर प्रयोग करायच्या. ते जाईल या धास्तीनं मी पाणीसुद्धा भीत भीत घालायचो. "तम्मा, रोपं चावत न्हाईत की!" म्हणत, कानडीत धाकट्या भावाला हाक मारावी तशी हाक मारत, मॅडम डब्यातली अर्धी कडक भाकरी शेंगाचटणीसकट माझ्या हातावर ठेवायच्या.

एकदा त्यांनी टोमॅटोच्या दोन रांगांत रोगाचे जंतू सोडले. सकाळी पाहतो तर पुढच्या रांगेत पानापानावर वाळके, तपकिरी ठिपके. मागची रांग हिरवीगार. झालं! माझंच पाणी चुकलं, काम गेलं. आमच्याकडं ठिपक्याचं पान दिसलं की तोडून जाळतात. मी हात घातलाच होता, तेवढ्यात मागून आरोळी आली, "अय्यो, थांब की! तोडू नको!"

मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि त्या चक्क टाळ्या पिटायला लागल्या.

"माझ्यामुळं जळालं का, मॅडम?" मी रडवेला.

"जळालं कुठलं! रोपानंच केलंय हे." बोटं चालू झाली. "पेशीत प्रथिनं कापणारी विकरं, एन्झाइम असतात. कात्र्याच समज. एरवी मिटलेल्या. जंतू घुसले की उघडतात, तेवढ्याच पेशी मरतात. जंतू तिथंच कोंडतात, बाकीचं पान वाचतं."

"आणि कात्री थांबलीच नाही तर?"

"लई भारी विचारलास! तिला लगाम असतो. तो कसा, तेच तर शोधतोय आपण."

'आपण' म्हणाल्या त्या!

मागच्या रांगेतल्या कात्र्या त्यांनी मुद्दाम बंद पाडल्या होत्या. ती रोपं चार-आठ दिवसांत सडली. पुढची रांग डुलत राहिली. मॅडमनी नवी पेठेतून पेढे आणले आणि पहिला माझ्या तोंडात कोंबला.

पुढं त्या नव्या नोकरीवर धारवाडला गेल्या. जाताना त्यांच्या जागी आलेल्या नव्या सरांना म्हणाल्या, "ह्याला काढू नका हं. हा घाबरतो, म्हणून रोज पान अन् पान बघतो."

सरांनी ऐकलं. मी अजून इथंच आहे. कधीतरी गावाकडं स्वतःचं शेडनेट उभारीन, त्यातली एक अख्खी रांग मॅडमच्या प्रयोगांना देईन. बोलवायला धारवाडला मीच जाणार.