घराबाहेर ठेवलेले हप्ते

माझ्या सासरी सगळे नवऱ्याच्या आत्याला ‘ब्रेक’ म्हणतात. अर्थात तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? कुणाची सहल ठरो नाहीतर नवी गाडी, आत्या चष्मा पुसत म्हणणार, “थांबा जरा.” तिची सगळी नोकरी बँकेत, गृहकर्जाच्या टेबलावर गेली.

आम्ही पहिलं घर शोधत होतो. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर मला इतकं आवडलं, की ओट्यासमोरच्या खिडकीत कुठली कुंडी ठेवायची तेसुद्धा मी ठरवून टाकलं. बँक कर्जाला तयार होती. हवेत तरंगतच आम्ही आत्याकडे गेलो.

“झेपेल का रे एवढं?” तिने विचारलं.

“बँकच देतेय म्हणजे झेपणारच ना!” नवरा म्हणाला. “आणि नाहीतरी भाड्यात पैसे वायाच जातात.”

“बँक तुझा पगार बघते. तुझी दाढ दुखतेय का, ते बघत नाही. आधी तालीम करा. घर घेतलंय असं समजायचं. हप्त्यातून आत्ताचं भाडं वजा करा आणि उरलेले पैसे महिन्याच्या महिन्याला माझ्याकडे आणून द्या. जमलं तर खुशाल घ्या.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही काय कुक्कुली बाळं होतो? पण नवरा आत्याच्या शब्दाबाहेर नाही. पहिल्या महिन्यात मी ऐटीत पैसे नेऊन दिले. दुसऱ्या महिन्यात खरोखरच दाढ दुखली, आणि तीही माझी! तिसऱ्यात धुण्याच्या यंत्राने मान टाकली. त्या महिन्यात आम्ही निम्मेच पैसे नेले. आत्या एवढंच म्हणाली, “बरं झालं, तालमीतच पडलात.”

तोवर ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मी ढसाढसा रडले आणि कितीतरी दिवस आत्याशी धड बोलले नाही.

पुढे पहिल्या मजल्यावरचं लहान घर मिळालं. ओट्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. पण त्याचा हप्ता आम्ही तालमीत न चुकता भरून दाखवला. खरेदीच्या वेळी आम्ही आत्याकडे साठलेले पैसे मागितले. ते सुरुवातीलाच भरले की कर्ज तेवढंच कमी, असा आमचा हिशोब.

“एक पैसाही मिळणार नाही,” आत्या म्हणाली. “सगळं घरात ओताल आणि अडलात की काय विटा काढून विकाल? हे घराबाहेर राहतील.” तिने ते आमच्याच नावाने बँकेत टाकले आणि पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवलं. मी पुन्हा तोंड फुगवलं.

वर्ष पुरतं सरलं नव्हतं, आणि नवरा शिडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं. काम केलं तरच पगार, अशी त्याची नोकरी. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकच घोकत होते: आता घर जाणार. आत्या आली, शेजारी बसली आणि पासबुक माझ्या मांडीवर ठेवलं.

“तो बरा होईपर्यंतचे हप्ते आहेत यात. रडू नकोस,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “हप्ते थकले म्हणून माझ्या टेबलावर घराच्या किल्ल्या ठेवून गेलेली पोरं बघितलीत मी. तुमच्याच वयाची. फार वाईट वाटायचं गं.”

मी तिचा हात घट्ट धरला. इतके दिवस जिच्यावर चरफडले, तिनेच माझं घर सांभाळून ठेवलं होतं.

नवरा कामावर रुजू झाला, त्या दिवशी आत्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर मी घराची दुसरी किल्ली तिच्यापुढे ठेवली. ती दचकलीच.

“अगं, काय झालं? किल्ली का देतेस?”

“परत नाही करत हो आत्या. तुमच्याकडे ठेवायला देतेय. हवं तेव्हा या.”

तिने चष्मा काढला, पण पुसला नाही, डोळेच पुसले. ‘थांबा जरा’ म्हणाली नाही. किल्ली पर्समध्ये टाकली, आणि चेन नीट लागली का ते दोनदा बघितलं.