वैजूमावशीच्या मुरलेल्या काचा

कुणाच्याही घरी जुना कॅमेरा दिसला की वैजूमावशी आधी तो नाकाशी धरायची. मग लेन्समधून टॉर्च मारायची, शटर कानाजवळ नेऊन दाबायची आणि घरच्यांना विचारायची, "किती वर्षं कोंडलंय ह्याला कपाटात?" घरचे ओशाळायचे. बरोबर मी असायचे, मीही ओशाळायचे.

गोरेगावात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. पार्ल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. लोकांनी टाकलेले कॅमेरे गोळा करणं हा तिचा एकच शौक. मी नोकरीला लागल्यावर नवा कॅमेरा घेणार आहे, हे आईनं तिला सांगितलं आणि माझी वाट लागली.

"नव्याचं कौतुक खोकं उघडेपर्यंत," मावशी म्हणाली. "कॅमेऱ्याची बॉडी चार वर्षांत जुनी होते गं. काच नाही होत. काच मुरते." लोणचं आणि लेन्स यांत ती फारसा फरक करत नसे.

मग ती मला बोरिवलीला एका बाईंकडे घेऊन गेली. त्यांचे यजमान वारले होते आणि त्यांचा कॅमेरा विकायचा होता. मावशीनं तो तासभर तपासला. बुरशी नव्हती, ओरखडा नव्हता, मला तर हातात घेताक्षणीच आवडला होता. मी पर्स उघडणार तेवढ्यात मावशीनं विचारलं, तुम्हालाच का नको हा? बाई म्हणाल्या, ह्यांनी कधी हात लावू दिला नाही. झालं. नंतर बराच वेळ मावशी त्यांना फोकस करायला शिकवत होती आणि मी सोफ्यावर दुसरा चहा पीत बसले होते. आम्ही रिकाम्या हातानं परतलो. रिक्षात मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बाहेर बघत बसले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी तिनं मला एक वापरलेली बॉडी आणि माझ्याहून वयानं मोठी लेन्स मिळवून दिली. फोकस हातानं करायचा. मुलुंडला दादाच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, हार पडले, तरी मी लेन्सवरची फोकसची रिंगच फिरवत होते. फोटोत नवरानवरी धूसर आणि मागचे भटजी लख्ख. दादा अजून ऐकवतो. मावशीला दाखवलं तर म्हणाली, "भटजी किती सुरेख आलेत बघ." खरंच आले होते. ती लेन्स पुढे माझ्या तिसऱ्या बॉडीवरही तशीच चालली. मावशी बरोबर ठरायची, हा आणखी एक त्रास.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं डॉक्टरांना विचारलं, डोळ्यात घालायला वापरलेली लेन्स मिळेल का. डॉक्टर हसले, ती हसली नाही. पण नंतर डोळ्याचा पडदाच निकामी होत गेला आणि ती स्वतःचे कॅमेरे विकायला लागली. येणारं गिऱ्हाईक कसं दिसतं ते मी सांगायचं आणि तिनं त्याला नकार द्यायचा. "शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांना नाही," एवढंच म्हणायची.

शेवटी तिची लाडकी, लांब पल्ल्याची लेन्स उरली. ती मला हवी होती. आठवण म्हणून, मी म्हणाले.

"आठवण म्हणून घेशील आणि कपाटात ठेवशील," ती म्हणाली. "इथल्या हवेत महिन्यात बुरशी धरेल."

आणि तिनं ती नाहूरच्या एका बँकेतल्या गृहस्थांना द्यायचं ठरवलं. ते दर रविवारी खाडीवर पक्ष्यांचे फोटो काढायला जायचे. इतकी वर्षं तिच्यामागे हिंडले मी, आणि लेन्स परक्याला. ते न्यायला आले तेव्हा मी तिच्याशी धड बोलतही नव्हते.

मावशीनं आधी तपासून घ्या म्हणून हट्ट धरला. गृहस्थांनी लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिचाच एक फोटो काढला आणि सवयीनं स्क्रीन तिच्यापुढे धरली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मग मला विचारलं, "कशी आलेय गं?"

मी रागातच होते, जे दिसलं ते सांगितलं. "कपाळावर आठ्या आहेत. डोळे भरलेत. पापणीचा केस न् केस दिसतोय."

"मग लेन्स ठीक आहे," मावशी म्हणाली. गृहस्थांनी कॅमेऱ्यावरून काढलेली लेन्स तिनं हातात घेतली आणि टेबलावर चाचपून झाकण शोधलं. ते लेन्सवर पटकन बसेना. मी पुढे झाले तर तिनं माझा हात बाजूला केला. खट आवाज होईपर्यंत स्वतःच दाबलं आणि लेन्स त्यांच्या हातात दिली.