हाकुरिनची शेवटची रेघ

फुकागावाच्या कालव्याकाठी जिम्पाची नावाचा, चित्रं छापायचे लाकडी ठसे कोरणारा राहायचा. चेरीच्या फळीवर बाईचे केस कोरावेत तर त्यानेच. कपाळावरची बट इतकी नाजूक, की छापलेलं चित्र बघताना माणूस श्वास रोखून धरी. हमालापासून तांदळाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना या चित्रांचं वेड. पेटीत जपून ठेवायची आणि पाहुणा आला की एकेक बाहेर काढून मिरवायची. चित्रावर सही मात्र हाकुरिनची. हाकुरिनने काढायचं, जिम्पाचीने कोरायचं आणि दोघांनी भांडायचं, यातच दोघांचं आयुष्य गेलं.

"तुझी रेघ म्हणजे दारू प्यालेला खेकडा!" जिम्पाची म्हणायचा.

"मग कर की सरळ! उगीच का पोसतोय तुला?" हाकुरिन उलटून बोलायचा.

एका हिवाळ्यात हाकुरिन गेला. थंडी ओसरल्यावर त्याची बायको ओतोसे आली आणि तिने एक पातळ कागद उलगडला. केस विंचरणारी ती स्वतःच. अंथरुणावर पडल्यापडल्या नवऱ्याने काढलेली. हात इतका थरथरत होता की एकही रेघ स्थिर नव्हती.

"जिम्पाचीसान, हे कोरून द्या. पण आहे तसंच. ही थरथरसुद्धा यायला हवी. तेवढीच तर उरलीय त्यांची."

जिम्पाचीने कागद परत तिच्यापुढे सरकवला. "वहिनी, कागद फळीवर पालथा चिकटवावा लागतो. कोरताना तो नाहीसा होतो. पुन्हा मागाल तर माझ्याकडे काही नसेल."

"चित्रकाराच्या घरात नांदले मी, मला काय शिकवता? पेटीत ठेवलं तर मी बघेन आणि कसर खाईल. चार घरांत गेलं तर ते चार घरांत राहतील."

त्याने कागद पालथा चिकटवला, बोटाच्या टोकाने मागचा थर चोळून काढला आणि तेलाचा हात फिरवला. संथ पाण्यात मासे दिसावेत तशा रेघा वर आल्या. आयुष्यभर हेच केलं होतं, तरी या क्षणी त्याला दर वेळी देवळात उभं राहिल्यासारखं वाटे. मग सुरी चालू झाली. पालथ्या चित्रात चेहरा कळत नाही, फक्त रेघ दिसते, आणि रेघ दिसली की त्याचा हात आपोआप पुढे जाई.

"कोरताय की समाधी लावलीय?" त्याची बायको ओशिगे करवादली. "सूप पुन्हा गार झालं." त्याला ऐकूच आलं नाही.

पहिली छापील प्रत घ्यायला ओतोसे आली. जिम्पाचीने फळीला काळी शाई लावली, ओला कागद पसरला, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने घासला आणि कोपरा धरून उचलला. कागदावर ओतोसे उतरली होती, एकेक केस सुटा. ओशिगेच्या हातातला वाडगा हातातच राहिला. एवढं सुंदर त्या घरात कधी काही छापलं गेलं नव्हतं.

आणि मग जिम्पाचीचं लक्ष गेलं. थरथर कुठे होती? प्रत्येक रेघ ऐन उमेदीतल्या हाकुरिनची, डौलदार आणि निःशंक. मित्राची रेघ सरळ करायची हाताची सवय हाताने या वेळीही पाळली होती. मूळ कागद तर भुशाबरोबर चुलीत गेला होता.

त्याने कपाळ चटईला टेकलं. "वहिनी, घात केला मी. तुमचं तेवढं उरलेलंही घालवलं."

ओतोसे चित्र घेऊन दाराशी उजेडात गेली. पाठमोरीच ती एकेक रेघ न्याहाळू लागली.

"पडल्यापडल्या ते स्वतःच्या हाताला शिव्या घालायचे," ती अखेर म्हणाली. "म्हणायचे, जिम्पाचीकडे ने, तो नीट करेल. मला वाटलं, तापात बरळतायत."

ती वळली. डोळे वाहत होते आणि चेहरा लग्नातल्या नवरीसारखा उजळला होता.

"उठा, जिम्पाचीसान. बघा तरी, हात बरा झाला त्यांचा."