सॉरी, मीच आहे

आमच्या समोरच्या आयरिश बाईंना मी एकदा माफ केलं. त्या बर्फावर पडल्या होत्या, पाय भलत्याच बाजूला वळला होता, आणि तशा अवस्थेत त्या मला सॉरी म्हणत होत्या. मी म्हणालो, "असू द्या, काही हरकत नाही." चूक माझी होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पण आधी बाई सांगायला हव्यात. नाहीतर या लिहिण्यात मीच जागा अडवून बसेन.

जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात सत्तरीच्या एक बारीक बाई, हातात केकचा डबा. "सॉरी, मीच आहे," त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. ही 'मी' म्हणजे कोण, हे कळायला पुढची दहा मिनिटं लागली. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जर्मन, तो वारलेला. चाळीस वर्षं या देशात. जर्मन इतकं चांगलं की नगरपालिकेची पत्रं आम्ही त्यांच्याकडून वाचून घ्यायचो. सॉरी तेवढं मात्र त्यांच्या गावचंच राहिलं होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण इतकी पक्की नसतील. बेकरीत ब्रेड मागायच्या आधी सॉरी. ट्राममध्ये कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर त्याच सॉरी. डॉक्टरांना सॉरी, आज पुन्हा आले. एकदा आमच्याकडे चहाला आल्या असताना त्यांचा गुडघा खुर्चीला लागला आणि त्या खुर्चीला सॉरी म्हणाल्या. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज. ती जर्मनमध्ये ओरडली, "बाबा, त्यांनी खुर्चीची माफी मागितली!" त्या दिवशी ती बोटांवर सॉरी मोजत होती. दोन्ही हात संपल्यावर तिने नाद सोडला.

तळमजल्यावर एक श्वाबियन, म्हणजे इथल्याच मातीतले, आजोबा राहतात. इमारतीची शिस्त त्यांच्या डोळ्यांत असते. त्यांनी एकदा बाईंना जिन्यात गाठून विचारलं, "तुम्ही दिवसातून पन्नास वेळा सॉरी म्हणता. एकदा सांगून टाका, नक्की काय केलंय तुम्ही?"

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "सॉरी."

आमच्या घरात सॉरी नव्हतं. वडील चुकले तर तासाभराने स्वयंपाकघरातून विचारायचे, "चहा टाकू का तुला?" तेवढ्यावर सगळं मिटायचं. कोणाला पाय लागला की वाकून हात लावायचा, तोंडाने काही म्हणायचं नाही. त्यामुळे बाईंचं सॉरी मला आधी हलकं वाटायचं. पाऊस पडतो तसं पडतंय, कशाला लावून घ्यायचं?

मग साताऱ्याला वडील गेले. विमान मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. बातमी आली त्या संध्याकाळी बाई आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तुमच्यावर जे आलंय त्याबद्दल सॉरी." त्यांच्या गावात म्हणे मयताच्या घरी सगळे रांगेने येतात, हात हातात घेतात, एवढं एकच वाक्य म्हणतात आणि सरकतात. बाई मात्र सरकल्या नाहीत. अर्धा तास तशाच बसल्या. घरातलं माझं कोणी त्या दिवशी माझ्याजवळ इतका वेळ बसलं नव्हतं.

आता ते सांगतो.

स्टुटगार्टच्या बाजूला केरवोख असते, म्हणजे केर काढायचा आठवडा. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. ज्या घराची पाळी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, आणि हिवाळ्यात सकाळी सातच्या आत फुटपाथवरचा, पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा. पाळी ज्याची, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. रविवारी संध्याकाळी ती पुढच्या दाराला लावायची. पाळ्यांची यादी आजोबांनी खाली पत्रपेट्यांजवळ चिकटवलेली असते, पण ती कोणी वाचत नाही. सगळे पाटी बघतात.

त्या जानेवारीत पाळी माझी होती, माझ्यानंतर बाईंची. आठवडाभर बर्फ. मी रोज साडेपाचला उठून फावडं मारून कामावर जात होतो. शुक्रवारी संध्याकाळी बघितलं तर शनिवारी आणखी बर्फ सांगितला होता. मी पाटी माझ्या दारावरून काढली आणि त्यांच्या दाराला लावली. दोन दिवस आधी. मोठं कारण वगैरे काही नव्हतं. मला शनिवारी झोपायचं होतं. बाईंचं पाटीकडे रविवारपर्यंत लक्ष जाणार नाही असं धरून चाललो होतो.

त्यांचं लक्ष गेलं. शनिवारी सकाळी मला फावड्याचा आवाज आला. फरशीवर लोखंड घासल्याचा, थांबून थांबून. मी जागा होतो. पांघरूण ओढून घेतलं आणि मनाशी म्हणालो, दहा मिनिटांनी उतरू. मग आवाज बंद झाला. बायको उठून खिडकीशी गेली. "अहो, बाहेर कोणीतरी पडलंय वाटतं!"

त्या शेवटच्या पायरीवर बसल्यासारख्या पडल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "सॉरी, वाट अडवली मी. पाळी माझी आहे हे ध्यानातच नव्हतं. काल उशिरा पाटी दिसली. सॉरी." तेव्हा मी त्यांना माफ केलं. रुग्णवाहिकेतली दोन मुलं आली, त्यांनाही त्यांनी सॉरी म्हटलं, शनिवारी बोलावल्याबद्दल.

खुबा मोडला होता.

दुपारी आजोबा यादी आणि पाटी दोन्ही बघून वर आले. "आठवडा तर तुमचा आहे. पाटी तिच्या दारावर कशी?" मी उत्तर शोधत होतो. मला ते द्यावंच लागलं नाही. त्यांनीच दिलं. "तिनेच काढून नेली असणार. सगळं स्वतःवर ओढून घ्यायची सवय. आणि आता वार, आठवडे लक्षात राहत नाहीत, म्हातारपण." मी जर्मनमधला हो म्हणालो, "या." इतका छोटा होकार मराठीत मला जमला नसता.

दोन दिवसांत इमारतीत हेच ठरून गेलं: बाई विसरायला लागल्या. मी त्यांच्या वाटच्या केरवोख करू लागलो तर आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, असा शेजारी हवा म्हणाले. मी ती थापही घेतली.

मी इस्पितळात गेलो. बाईंनी आधी मला खुर्ची ओढून घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "पाटी माझ्याच दारावर होती, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण ते म्हणतात मी तुमच्या दारावरून काढून आणली. मी बेल वाजवली होती का तुमची? सॉरी, मला काहीच आठवत नाही."

"त्याचा विचार नका करू," मी म्हणालो.

मग बाईंना इस्पितळातून घरी आणायला आयर्लंडमधल्या गॉलवेहून भाची आली. चांगली बाई, मावशीवर जीव असलेली. जिन्यात मला थांबवून म्हणाली, "नुसता खुबा असता तर मदतीला कोणी ठेवून तिला इथेच राहू दिलं असतं. तिलाही तेच हवंय. पण विसरत असेल तर एकटी कशी ठेवू? तुम्ही सगळ्यात जवळ राहता. खरं सांगा, विसरते का ती?"

त्यांचं दार उघडं होतं. आत बाई वॉकर धरून उभ्या होत्या, कान आमच्याकडे. माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते बोलायला दोन सेकंद पुरले असते. मी म्हणालो, "थोडंफार. वय झालंय ना आता."

आतून आवाज आला, "सॉरी, तुम्हा सगळ्यांना त्रास."

महिन्याभरात घर रिकामं झालं. टॅक्सी खाली उभी असताना त्यांनी आमच्या दारात सहा कुंड्या ठेवल्या. "सॉरी, तुमच्या गळ्यात मारून चालले." माझी बायको रडली. मुलीने त्यांना मिठी मारली. मी बॅग खाली नेली, कारण बॅगेला हात गुंतलेला असला की माणसाला बोलावं लागत नाही.

आता समोर एक तरुण जोडपं राहतं. ते सॉरी म्हणत नाहीत, तसं काही करतही नाहीत.

मागच्या नाताळात मी फोन केला. तिकडच्या वृद्धाश्रमात त्यांना फोन दिला. "सॉरी, मीच आहे," त्या म्हणाल्या, फोन मी केलेला असून. आवाज ठणठणीत. मुलीची परीक्षा कुठली ते विचारलं, बायकोच्या गुडघ्याचं विचारलं, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा दुरुस्त झाला का तेही विचारलं. मग हसून म्हणाल्या, "इथे रोज मला विचारतात, आज वार कोणता. मी बरोबर सांगते. तरी कागदावर काहीतरी लिहून घेतात." पुढे म्हणाल्या, "त्यांचं बरोबर असेल. ते पाटीचं मला अजून आठवत नाही."

मी तोंड उघडलं. तिकडे थंडी किती आहे, असं विचारलं.

त्या शहाहत्तरच्या आहेत. नंबर माझ्याकडे आहे. हे लिहून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, वाटत नाही. तुम्हाला सांगणं म्हणजे त्यांना सांगणं नव्हे. आठवडा माझा होता, पाटी मी लावली, आणि त्या काहीही विसरल्या नव्हत्या. एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.