पायगुणाची विहीर

बोरीतल्या आमच्या विहिरीचं पाणी मी दोन वर्षं खोटं मोजलं. हं – लिहिलं एकदाचं! हे मी कुणाला बोललेली नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही – आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. नातवंडं मला खट्याळ म्हातारी म्हणतात. ही म्हातारी तरुणपणी केवढी गाढव होती, हे त्यांना कुठं ठाऊक?

नव्वद सालानंतरची गोष्ट. लाईट आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. पाणी किती खाली चाललंय, पुढचा उन्हाळा निघेल का – याचा अंदाज बांधायला एक साहेब आले. त्यांनी आमची विहीर निवडली. मी सातवी पास, अक्षर वळणदार. टेप आणि वही माझ्याकडे आली. महिन्यातून एकदा, मोटारी सुरू व्हायच्या आधी, काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा नि आकडा लिहायचा. एवढंच. एवढंसुद्धा जमू नये एखादीला?

पण त्या विहिरीचं एक होतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिला पाणी लागलं. सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या, सुनेचा पायगुण बघा! ते माझ्या डोक्यात गेलं, ते गेलंच. पुढं टेप दर महिन्याला जास्तच खाली जायला लागला, तेव्हा मला काय वाटावं? पाणी आटतंय? छे – माझा पायगुण आटतोय! मग काठापासून पाणी तीस फुटांवर लागलं की मी चोवीस लिहायची. वळणदार अक्षरात.

दिवाळीनंतर साहेबांनी माझ्या वहीवरून कागदावर रेघ ओढली आणि शाळेच्या ओट्यावर सांगितलं, पाणी टिकून आहे, उन्हाळा निघेल. शेजारच्या तारानं त्या रेघेच्या भरवशावर द्राक्षांची रोपं लावली. तारा – जिच्याबरोबर मी रोज बांधावर भाकरी खायची. मी सभेत तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. तोंड उघडायला काय झालं होतं? उलट टाळ्या वाजवल्या मी!

चैत्रात तिच्या विहिरीचा तळ उघडा पडला. आमच्याही. वेली वाळून काड्या झाल्या. ती एकेक उपटायला लागली, तशी मी पदर खोचून मदतीला गेले – केवढी ती माया! – दिवसभर तिच्या शेजारी वाकून काड्या उपटल्या, आणि एक शब्द बोलले नाही. तारा अजून समोरच राहते. मी अजून बोललेली नाही.

शेवटची काडी बांधावर टाकून तिनं घाम पुसला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "वैनी, तुमी नका जिवाला लावून घेऊ. तुमी तर बरूबर मोजलं व्हतं. पाणीच खोटं निघालं, त्याला तुमी काय करनार?"